स्टेपनीला हात लावायचा नाही

५ मे, रविवार

आजपासून रोजनिशी. विषय एकच. गाडीची चाकं.

सकाळी भालकीच्या बसस्टँडसमोर चहा घेत उभा होतो. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे टायर बघितले. एकाची नक्षी पार गेलेली, नुसतं टक्कल. एकाच्या पोटाला गाठ आलेली. एकाच्या व्हॉल्व्हला टोपी नाही, तिथं माचिसची काडी खोचलेली. मालक सगळे निर्धास्त. काचेला लिंबू-मिरची, आत सेंटची बाटली, मागं पोरांची नावं. पण जे जमिनीला टेकतं, त्याच्याकडं वाकून बघायला कुणाला कंबर नाही.

मला आहे. गाडी घेऊन आठवडा झाला. जुनी आहे, पण निवड माझी. बँकेत सगळ्यांनी रंग विचारला, ॲव्हरेज विचारलं. टायरबद्दल एकानंही विचारलं नाही. मीच सांगायला लागलो. मॅनेजर मधेच उठून कॅशकडं गेले.

संकल्प: हवा रोज दोनदा तपासणे. खड्डा दिसला की गाडी थांबवून विचार करणे. आणि स्टेपनी, म्हणजे डिकीतलं जादा चाक, सर्वांत उत्तम ठेवणे. पंचशीलेला तोंडी सांगितले. ती म्हणाली, सगळं करा, आधी दळण आणा.

बायको शिकलेली असून हे.


८ मे

हवा मोजायचं यंत्र आलं. गोल, काटा असलेलं, घड्याळासारखं. पंपावरच्या यंत्रावर विश्वास ठेवणारी माणसं कशी जगतात कळत नाही.

व्हॉल्व्हवर दाबलं की फुस्स आवाज येतो. मग काटा स्थिर होतो. आवाज चांगला आहे. खात्रीसाठी एकेका चाकाला तीनतीनदा लावतो.

रूपालीनं विचारलं, पप्पा, फुस्स म्हणजे हवाच बाहेर जायलीय ना? तिला समजावलं की तो यंत्राचा श्वास आहे. मुलगी बी.एस्सी. झाली, पण प्रॅक्टिकल ज्ञान शून्य. कॉलेजं काय शिकवतात कोण जाणे.


१२ मे

प्रेमानंद आला. पंचशीलेचा धाकटा भाऊ. हुमनाबादला हायस्कूलवर चित्रकला शिकवतो. गाडी आमच्याच मॉडेलची, पण जास्त जुनी. टायर वाकून बघितले, पार गुळगुळीत. त्याला सुनावलं. हसत म्हणाला, "चालायलीय तवर चालायलीय, दाजी."

हा ह्यांचा अभ्यास.

डिकी उघडून बघितली तर स्टेपनीच नाही. त्या जागेत रंगाचे डबे आणि एक हार्मोनियम. विचारलं, पंक्चर झाल्यावर काय करतोस? म्हणाला, रस्त्यात कुणी ना कुणी थांबतंच की. म्हणजे ह्याची स्टेपनी म्हणजे अख्खा कर्नाटक.

माझ्या गाडीसोबत आलेली स्टेपनी बारकी, लोखंडी, गंजकी होती. पाहुण्याला फुटक्या कपात चहा द्यावा तसलं काम. मी ती बदलणारच होतो. त्याला म्हटलं, नेतोस का? "द्या की," म्हणाला. लाज म्हणून नाही. हार्मोनियम मागच्या सीटवर ठेवून चाक घेऊन गेला.


१८ मे

उदगीरला जाऊन नवीन स्टेपनी आणली. काय वस्तू आहे! अलॉयचं चाक, आरशासारखं. टायर कोरा, रबराची बारीक लव अजून अंगावर. दुकानदारानं विचारलं, गाडी कोणती? मी म्हणालो, गाडीचं सोडा, चाक दाखवा. तो म्हणाला, हे मोठ्या गाडीचं आहे. मी म्हणालो, म्हणूनच.

नटांची भोकं पाच. आपल्याकडच्या चाकांना चारच. एक नट जास्त म्हणजे तेवढी पकड जास्त. ह्या गोष्टी लोकांच्या लक्षात येत नाहीत.

डिकीतल्या खळग्यात पूर्ण मावत नाही, थोडी वर उरते. त्यामुळं पिशव्या तिरक्या बसतात. बसू द्या. डिकी पिशव्यांसाठी नसते.

चालत्या चाकांवर कोरा टायर घाला आणि त्यातलंच एखादं स्टेपनीला ठेवा, असं काही शहाणे म्हणतील. म्हणजे घरातला उत्तम माणूस रोज भाजी आणायला पाठवा आणि संकटाच्या दिवशी मरतुकडा पुढं करा. संकल्प: स्टेपनीला हात लावायचा नाही.

पंचशीलेनं जुन्या पडद्याचा अभ्रा शिवून दिला. नाड्या घट्ट बांधल्या. ती म्हणाली, एकदा गाडीला लावून तरी बघा. मी म्हणालो, लग्नाचा शालू तू रोज नेसून बघतेस का? म्हणाली, शालू अंगाला लावून बघूनच घेतला होता.

मी नाड्या परत एकदा घट्ट केल्या.


२३ मे

हवा कमी होतेय.

एका चाकाची नाही, चारही. खिळा नाही, काच नाही. आता मी दुपारी जेवायला घरी आलो की तिसऱ्यांदा तपासतो. दर वेळी आधीपेक्षा कमी. जितकं जास्त लक्ष ठेवतो तितकी जास्त जाते. म्हणजे करणारा माणूस माझ्यावर नजर ठेवून आहे.

पंक्चरवाल्या कल्लप्पाकडं रोज हवा भरतो. त्याला संशय बोलून दाखवला. "व्हय साहेब, कुणीतरी सोडायलंय," म्हणाला. त्याला मी काहीही बोललो तरी तो व्हय साहेबच म्हणतो. पण ह्या बाबतीत त्याचं बरोबर आहे.

पंक्चर एका चाकाचं होतं. चारही चाकांची हवा एकदम जाते ती हेव्यानं. गल्लीत हेवा करणारा एकच. समोरचे शिवशंकरप्पा. डाळीचा धंदा मुलांवर सोपवला, सकाळची पूजा आटोपली की दिवसभर ओट्यावर. स्वतःला गाडी नाही. एवढं कारण बस्स.


२६ मे, रविवार

पकडला.

दुपारी खिडकीच्या फटीला डोळा लावून बसलो. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. शिवशंकरप्पा घरातून निघाले, इकडंतिकडं बघितलं आणि माझ्या पुढच्या चाकापाशी उकिडवे बसले. मी बनियनवरच धावलो. ओरडलो. गल्ली गोळा झाली.

त्यांच्या हातात ओलं पोतं होतं. मला तम्मा म्हणतात, म्हणजे धाकटा भाऊ. म्हणाले, "तम्मा, ऊन लई पडायलंय. तुझे टायर तापायलेत. म्हणून रोज ओलं पोतं टाकायलो. तू येण्याआधी काढून नेतो."

मी म्हणालो, पोतं हे निमित्त आहे. पोत्याच्या आड बोटं काय करतात ते मला माहीत आहे.

ते उठले. पोतं पिळलं, खांद्यावर टाकलं आणि घरात गेले. निर्दोष माणूस भांडतो. हे भांडले नाहीत.

संध्याकाळी पंचशीला त्यांच्याकडं जाऊन आली. कामून गेलीस म्हटलं तर भांडी घासायला बसली. भांडी स्वच्छच होती.


९ जून, रविवार

औरादला सासूबाईंकडं जाऊन आलो. चांगुणाबाईंना गाडी दाखवायची होती. त्यांनी बोनेटवरून हात फिरवला. मी त्यांना टायर दाखवायला खाली वाकवणार होतो, पंचशीलेनं त्यांचा दंड धरला. त्यांचे गुडघे दुखतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे सांगितलं असेल.

परत येताना औरादच्या थोडं पुढं डावं मागचं चाक बसलं.

रूपाली लगेच डिकीकडं निघाली. तिला थांबवलं. शांतपणे समजावलं. हे पंक्चर आहे, संकट नाही. स्टेपनी संकटासाठी आहे. पंक्चरला स्टेपनी काढली तर उद्या खोकला आला म्हणून ऑपरेशन करावं लागेल. चाक काढलं, टेम्पोत टाकलं, औरादला नेलं, दुकान बंद, माणूस बाजारात, त्याला शोधलं, पंक्चर काढून घेतलं, टेम्पो मिळेना, शेवटी कडब्याच्या ट्रॅक्टरवर बसून परत आलो.

दोघी बाभळीखाली बसून होत्या. जॅकवर उचललेली गाडी, आणि तिच्या डिकीत कोरं चाक. येणारे-जाणारे डोकावून हसत होते म्हणे. हसू द्या. ह्याच लोकांच्या व्हॉल्व्हमध्ये माचिसच्या काड्या असतात.

घरी येईपर्यंत पंचशीला एक अक्षर बोलली नाही. म्हणजे पटलं.


१४ जुलै

रूपालीचं कलबुर्गीच्या पुढं कडगंचीच्या विद्यापीठात एम.एस्सी.ला नाव लागलं.

फोन घेऊन अंगणात नाचली. पंचशीला रडली. मीही आत जाऊन तोंड धुतलं, घाम फार आला होता.

गेल्या वर्षी हिचं नाव थोडक्यात राहिलं. वर्षभर घरी अभ्यास केला. लोक विचारायचे, लग्नाचं बघायलात का? ती वहीत मान घालून बसायची. मला माहीत आहे ती काय ऐकत होती.

मी खटकचिंचोळीहून भालकीच्या कॉलेजला दुधाच्या गाडीत उभा राहून यायचो. कॅनचं झाकण उडालं की शर्टावर दूध. वर्गात वास यायचा. पोरं बाक सोडून लांब बसायची. दुधाच्या वासामुळं बसायची की आणखी कशामुळं, ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. आमच्या घरातलं कुणी शिकायला जाताना स्वतःच्या गाडीतून उतरलेलं नाही. रूपाली उतरेल. विद्यापीठाच्या दारात, सगळ्यांसमोर. मी गाडीला वळसा घालून येईन आणि तिच्या बाजूचं दार उघडीन.

ह्याच्यासाठीच गाडी घेतली. हे कुणाला सांगितलेलं नाही. इथं लिहितो.


२८ जुलै

कागदपत्रं तपासायला सहा ऑगस्टला हजर व्हायचं. दुपारी खिडकी बंद व्हायच्या आत पोचलं नाही तर जागा पुढच्या नावाला.

प्रेमानंदचा फोन. "दाजी, पोरीला मी सोडतो. मला सुट्टी हाय, वाटेवरच हाय मी." त्याच्या टायरवर माझी मुलगी! फोन ठेवला. मग पंचशीलेनं माघारी फोन करून त्याच्याशी खूप वेळ गप्पा मारल्या.

रूपालीचं म्हणणं, आदल्या दिवशी बसनं कलबुर्गीला जाऊन मैत्रिणीकडं राहावं. मी म्हणालो, घरात पाच चाकं असताना मुलगी बसनं जाणार? ती म्हणाली, चार, पप्पा. पाचव्याला तुम्ही हात लावू देत न्हाई.

तोंडाळ होत चालली आहे. होस्टेलवर सुधारेल.


४ ऑगस्ट, रविवार

तयारी पूर्ण. चारही टायर शाम्पूनं धुतले, पॉलिश मारलं. बुटासारखे चमकतात.

पंचशीलेनं पुढच्या टायरवर बोट फिरवलं आणि विचारलं, ह्याच्यावर नक्षी कुठं हाय? तिला सांगितलं की दुसऱ्यांच्या टायरची नक्षी जाते. नियमित निगा राखलेल्या टायरची मुरते. तिनं बोट पदराला पुसलं.

अभ्र्यावरून स्टेपनीला हात लावून बघितला. म्हणजे संकल्प मोडला नाही, मधे कापड होतं. मनाला फार आधार वाटला.

रूपाली प्रमाणपत्रांची फाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत घालत होती. इतकी कसली काळजी? बाप आहे.


६ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी.

उजाडताच निघालो. शिवशंकरप्पा ओट्यावर होते. रूपाली उतरून त्यांच्या पाया पडली. त्यांनी तिच्या हातात कसलीशी पुडी दिली, खडीसाखर असावी. माझ्याकडं बघितलं नाही. मीही आरशात बघत होतो.

हुमनाबादच्या पुढं.

चहाला थांबलो म्हणून लिहितो. खड्डे पुष्कळ. प्रत्येक खड्ड्याला थांबतो, अंदाज घेतो, मग उतरवतो. मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवून बेजार. एकानं ओरडून विचारलं, खड्ड्याला नारळ फोडायला थांबलाय का? अशिक्षित. पंचशीला सारखी मोबाइलवर वेळ बघतेय. बघितल्यानं वेळ वाढतो का?

कमलापूरच्या अलीकडं. ऊन चढलेलं.

टायर फुटला.

बसला नाही, फुटला. चढावर, चालता चालता, उजवं पुढचं. मोठा आवाज झाला. गाडी उजवीकडं ओढली गेली, समोरून येणारी बस थोडक्यात चुकली. पंचशीलेनं माझं मनगट धरलं होतं, नखांचे वण अजून आहेत. उतरून बघितलं तर टायरच्या चिंध्या, आतल्या तारा बाहेर. पॉलिश मात्र उत्तम होतं, चिंध्यासुद्धा चमकत होत्या.

कुणी ओरडलं नाही. मी आवाज खाली आणून म्हणालो, घाबरू नका. ह्याच दिवसासाठी ठेवली होती.

डिकी उघडली. अभ्र्याच्या नाड्या इतक्या घट्ट की दातांनी सोडाव्या लागल्या. स्टेपनी बाहेर आली तेव्हा उन्हात अशी झळकली की रस्त्यावरचा एक मोटारसायकलवाला थांबून बघत राहिला. मला खरंच अभिमान वाटला. जॅक लावला, नट काढले, फुटलेलं चाक बाजूला केलं, स्टेपनी उचलून लावली.

बसेना.

फिरवून लावली. बसेना. रूपाली खाली वाकली, बोटानं मोजलं. गाडीला बोल्ट चार होते. स्टेपनीला भोकं पाच.

तिनं परत मोजलं. मीही मोजलं. पंचशीलेनं मोजलं नाही, ती रस्त्याकडं तोंड करून उभी राहिली.

मी म्हणालो, थोडं तिरकं धरून बघू. रूपाली म्हणाली, "पप्पा, राहू द्या." एवढंच. मोठ्यानं बोलली असती तर मला काही उत्तर तरी देता आलं असतं.

मोटारसायकलवाला म्हणाला, हुमनाबादपर्यंत सोडू का कुणाला? मी म्हणालो, नको, आमची व्यवस्था आहे. एक जीप थांबली, तिलाही हात हलवून पुढं पाठवलं. आमचा प्रश्न तांत्रिक आहे, असल्या लोकांना काय कळणार? तिसरी गाडी थांबवायची तर रूपालीनं मला विचारलं नाही. रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात वर केले. कमलापूरच्या लाल केळ्यांचा पिकअप होता, कलबुर्गीच्या बाजाराला निघालेला. पुढं दोन बाया बसल्या होत्या, सरकल्या, पण जागा एकाचीच. रूपालीनं आईला पुढं बसवलं आणि स्वतः मागं केळ्यांच्या घडांत चढली. फाइल पोटाशी धरून.

मी पिकअपचे टायर बघितले. चारही टक्कल. ओरडलो, उतर खाली, आधी त्याचे टायर बघ!

ती केळ्यांतून म्हणाली, "पप्पा, ते गुळगुळीत असतील. पण ते फिरायलेत."

पिकअप गेला. माझी मुलगी केळ्यांच्या ढिगावर बसून विद्यापीठात गेली. दार उघडायला तिथं कुणी नसेल. पिकअपच्या मागच्या बाजूला दारच नसतं.

दुपार.

मी मुद्दाम मागं थांबलो आहे. अशी स्टेपनी रस्त्यावर सोडून जाता येत नाही. फोन लागत नाही. लोक थांबतात, विचारतात, काय झालं? मी सांगतो, काही नाही, विश्रांती घेतोय. गाडी जॅकवर, तीन पायांवर उभी. एका म्हाताऱ्यानं विश्वास ठेवला आणि स्वतःही शेजारी बसून विश्रांती घेऊन गेला.

उन्हं कलताना.

प्रेमानंद आला. पंचशीलेनं कलबुर्गीहून फोन केला म्हणे. त्यानं डिकीतून मी दिलेली ती बारकी, गंजकी, लोखंडी स्टेपनी काढली. लावली. बसली.

बसली म्हणून काय झालं? पॉलिश मारलेल्या टायरांत ती कशी दिसते ते बघायला डोळे पाहिजेत.

तो मला हसलासुद्धा नाही. मी वाट बघत होतो. हसला असता तर त्याला त्याच्या टायरांवरून बोललो असतो. पाण्याची बाटली दिली, शेंगांची पुडी दिली, आणि म्हणाला, "दाजी, पोरगी पोचली. खिडकी बंद करायलेच होते, पर घेतले कागद. झालं ॲडमिशन."

मी गाडीच्या पलीकडच्या बाजूला जाऊन जॅक पुसला. बराच वेळ पुसला. मातीच तशी चिकट आहे तिथली.

मग फोन लागला. म्हणालो, आलोच, इथून फार लांब नाही. पंचशीला म्हणाली, येऊ नका. होस्टेलची खोलीपण मिळालीय, मी बसनं येते. तुम्ही नीट घरी जा.

प्रेमानंदच्या गाडीमागं गाडी ठेवून परत आलो. तो एकाही खड्ड्याला थांबला नाही. मलाही थांबता आलं नाही, नाहीतर तो दिसेनासा झाला असता.


७ ऑगस्ट

शांतपणे विचार केला. चूक चाकाची नाही. चाक उत्तम आहे. चूक गाडीची आहे, चार बोल्टांची निघाली. गाडी घेताना ही माहिती मला कुणीच दिली नाही. ह्या देशात ग्राहकाची हीच अवस्था.

संकल्प: पुढची गाडी पाच बोल्टांची.

पंचशीलेला सांगितलं. ती रूपालीच्या खोलीत अंथरूण गुंडाळत होती. म्हणाली, बस तुमच्या अंगावर आली होती, ते आठवतं का? मी म्हणालो, बस थोडक्यात चुकली. ती म्हणाली, तुमच्यामुळं न्हाई चुकली, त्या ड्रायव्हरमुळं.

नंतर जेवायला बोलवायला आली. जेवताना माझ्या मनगटाला हळद लावली.


१८ ऑगस्ट, रविवार

चार नवीन टायर टाकून आणले. पंचशीला सोबत आली होती. दुकानात तीच बोलली. मी बाहेर उभा राहून लोकांचे टायर बघितले. पूर्वीइतकी मजा आली नाही.

रूपालीचा फोन रोज येतो. आईच्या मोबाइलवर. शेवटी विचारते, पप्पा कसे हायत? पंचशीला म्हणते, हायत. मी शेजारीच बसलेला असतो. फोन माझ्याकडं येतो तोवर तिचा मेसचा डबा आलेला असतो.

शिवशंकरप्पांना आज रस्त्यात बघितलं. बोलणार होतो. हवा गेली की नाही ते विचारायचं नव्हतं, नुसतं बोलायचं होतं. ते देवळाच्या बाजूनं वळले.


१५ सप्टेंबर

रूपालीला भेटायला जायचं ठरवलं. गाडी सुसज्ज. फोन करून सांगितलं, येतोय, गेटवर उभी राहा. तिनं आधी आईची चौकशी केली. मग म्हणाली, "पप्पा, गाडी नका आणू. बसनं या. मला काळजी वाटते."

माझ्या पाठीची काळजी असणार. लांब गाडी चालवली की पाठ धरते, हे पोरीच्या लक्षात आहे. किती बारीक लक्ष.


२२ सप्टेंबर, रविवार

कडगंचीला जाऊन आलो.

पंचशीलेनं धपाटे आणि शेंगांची चटणी बांधून दिली. भालकीहून कलबुर्गी, तिथून आळंदच्या गाडीनं कडगंची. बस तुडुंब, डबा मांडीवर. फाट्यावर रूपाली उभी होती. वाळली आहे, पण चालणं भरभर झालंय. मी तिच्या मागं पडत होतो, तर ती थांबायची आणि कुठल्या तरी इमारतीचं नाव सांगायची, म्हणजे मला दम घेता यावा.

मैत्रिणी भेटल्या. एक बेळगावची, एक केरळची. केरळवालीशी रूपाली इंग्रजीत बोलली, बेळगाववालीशी कन्नडमध्ये, माझ्याशी मराठीत. एकाच वाक्यात तिघांना पुरी पडायली होती. केरळच्या मुलीनं विचारलं, अंकल, कसे आलात? मी गाडीबद्दल सांगायला लागलो. रूपालीनं हळूच धपाट्याचा डबा उघडून मधे धरला. सगळ्या खायला लागल्या. चटणी तिखट होती, केरळच्या मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं, सगळ्या हसल्या. मीही हसलो.

प्रयोगशाळा दाखवली. काचेआड कसल्या तरी बाटल्या. तिचं नाव एका टेबलावर चिकटवलेलं आहे, इंग्रजीत. मी चष्मा पुसून परत वाचलं. तिला म्हणालो, चिकटपट्टी नीट लावलेली नाही, कोपरा उचललाय. ती म्हणाली, लावते, पप्पा.

दुपारी मला रस्त्यापर्यंत सोडायला आली. बस दिसली तसा तिनं हात वर केला. मी चढलो. तिनं मला खिडकीजवळ बसवलं, पिशवी मांडीवर ठेवली, पाण्याची बाटली हातात दिली. मग खाली उतरून कंडक्टरपाशी गेली आणि त्याच्याशी कन्नडमध्ये बोलली. तिला वाटलं इंजिनच्या आवाजात मला ऐकू येणार नाही. म्हणाली, आमचे पप्पा एकटेच आहेत, कुणाला काही विचारायचे नाहीत ते. कलबुर्गीच्या स्टँडवर तुम्हीच उतरवा, आणि भालकीची गाडी दाखवा.

कंडक्टर म्हणाला, काळजी करू नको अक्का.

मी चोपन्न वर्षांचा आहे. बँकेत फील्ड ऑफिसर. ह्या भागातली सगळी गावं पाठ आहेत. हे सगळं मी त्याला सांगणार होतो. तो तिकीट फाडायला आला तेव्हा तोंडही उघडलं. पण मागं वळून बघितलं तर ती अजून रस्त्याच्या कडेला उभी होती, कपाळावर हात आडवा धरून, बस जाईपर्यंत बघत.

मग वाटेत जिथं जिथं बस थांबली तिथं कंडक्टर माझ्याकडं बोट करून सांगत होता, "तुम्ही बसा. तुमचं आलं न्हाई अजून."

मी बसून राहिलो.

कलबुर्गीला त्यानं माझी पिशवी घेतली, दंडाला धरून मला खाली उतरवलं आणि भालकीच्या गाडीपर्यंत आणून सोडलं. त्याला धन्यवाद म्हणालो. गाडी लागलेलीच होती. मी चढलो.